पान अठ्ठावीसवरचं ‘नाही’

बुधवार, ता. ११ जून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझ्या पुतणीची परीक्षा संपली, वहिनीचा गुडघा आता कुरकुरत नाही, दुकानात जळालेल्या पंपांची रांग लागली आहे. आईला जप.

काल फोनवर तू मला “दादा, शहाणपणा करू नकोस” म्हणालास. म्हणून लिहून कळवतो, म्हणजे तुला मध्येच तोडता येणार नाही.

तू दिलेली पॉलिसी मी वाचली. सगळी बत्तीस पानं, पेन्सिल घेऊन. मोटारीचं वाइंडिंग मला कुणी शिकवलं नाही. जळक्या मोटारी उलगडून, वेढे मोजून शिकलो. हेही तसंच उलगडलं. तू गळ्यात मारलीस ती एंडोमेंट: थोडा विमा, थोडी बचत, हप्ता जड, मुदत संपल्यावर मी असलो तर पैसे परत. टर्म म्हणजे नुसता विमा: मुदतीत मी गेलो तरच घरच्यांना रक्कम, पण तेवढ्याच हप्त्यात कितीतरी मोठी. त्यावर तुझं म्हणणं, जगलास तर पैसे बुडाले. जगण्याला तोटा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मला टर्मच हवी. एंडोमेंट मी परत करतोय. कागद हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत तसं करता येतं, पान चार बघ. तुझं कमिशन जाईल. जाऊ दे.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

पान अठ्ठावीसवर माझ्या अर्जाची प्रत आहे. ‘गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता का?’ समोर तुझ्या अक्षरात ‘नाही’. खाली माझी सही. आधी तुझाच राग आला. मग तो दिवस आठवला. माझे हात वार्निशने भरलेले, तू स्टुलावर बसून एकेक प्रश्न वाचत होतास, आणि या प्रश्नाला मी म्हणालो, “पुढचं विचार.” तू ‘नाही’ लिहिलंस. कुणीही लिहिलं असतं.

दोन वर्षांपूर्वी तांब्याची तार आणायला मी चार दिवस परगावी गेलो होतो. तार इथेच मिळते रे. माझ्या हृदयात स्टेंट बसवला. ठाऊक फक्त तुझ्या वहिनीला. शाळा सोडून ज्याने घर ओढलं तो मध्येच बंद पडला, हे मला तुम्हाला दाखवायचं नव्हतं.

काल मी “एक आजार लिहायचा राहिलाय” एवढंच म्हणालो, तर तू म्हणालास, “काही वर्षं गेली की कंपनी जुनं उकरत नाही. गप्प बस.” आणि ती वर्षं भरायच्या आत मी गेलो तर? तुझी वहिनी विमा कंपनीच्या खिडकीशी उभी, आणि आतला माणूस तिला माझीच सही दाखवतोय. मी गप्प बसणार नाही.

टर्मचा अर्ज मी स्वतः भरला आहे. स्टेंटची तारीख, डॉक्टर, गोळ्या, सगळं. हप्ता वाढवतील, कदाचित नाकारतील. नाकारू देत. दुसऱ्या कंपनीत भरीन आणि तिथेही हेच लिहीन. मायलेकींना खोट्या कागदाच्या भरवशावर सोडून मी जाणार नाही.

एजंटच्या जागी अजून तुझंच नाव आहे. सही करायला ये, पण वाचून कर. आईला रविवारी मीच येऊन सांगेन.

तुझा,
स्टेंटवाला दादा