इंजिन बंद व्हायला हवं

९ फेब्रु. ९७, रोहा
कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही चौघं हॉवरक्राफ्ट बनवतोय, हवेच्या गादीवर चिखल-पाण्यावरून जाणारं; त्याची वायरिंग माझ्याच गळ्यात. बाकी तिघे पंखा, प्लायवूड नि खालचा रबरी घेर यात रमलेत. स्कूटरचं इंजिन, त्याला एक तार, तारेला बटण. दाबलं की इंजिन बंद. सर म्हणाले, पुरे. पुरे कसं? तार तुटली तर? याला ब्रेकच नाही. आणि आत बसणार हरेश, कारण चौघांत हलका तोच.

१६ फेब्रु.
सुचलं! रिले टाकला, म्हणजे करंटवर चालणारा छोटा स्विच. आता सगळं उलटं. बॅटरीचा करंट असेल तोवरच इंजिन चालेल. तार तुटो, बॅटरी उतरो, इंजिन आपोआप बंद. खुशीत एस.टी.ने पेण, तिथून खाडीकाठी हरेशच्या घरी. यंत्र त्याच्याच अंगणात आहे. त्याचे बाबा मिठागरात कामाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आन् मधीच बंद परली तं? भरतीच्या टायमाला चिखलान पाय रुतला का निगत नाय, पोरा."
हे डोक्यातच आलं नव्हतं. येताना उसाचा रस घेतला, अर्धा टाकला.

२० फेब्रु.
ठरलं, बंदच पडू दे. चाचणी ओहोटीला, हरेशच्या कमरेला दोरी. तरी जेवण जात नाही.

१ मार्च, हरेशकडे
उद्या चाचणी. हरेशच्या आईने यंत्राची पूजा केली. मी शहाणा, सगळ्यांना दाखवायला रिलेच्या डबीचं झाकण उघडं ठेवलेलं. नारळ फुटला, पाणी सरळ आत. मी पुसायला धावलो तर म्हणाल्या, "रांव दे, देवाचा पानी हाय."
स्पिरिटने धुतलं, उन्हात वाळवलं. दहा वेळा बटण दाबून पाहिलं. सहाव्या वेळी इंजिन लगेच बंद झालं नाही. दोन सेकंद, फार तर तीन. पुढे चारही वेळा नीट. दुसरा रिले आणायला पेणला पळालो, दुकान बंद.
हरेशला सांगितलं. म्हटलं, मी बसतो. हसला. "तुला चिखल कलत नाय. आईला नको सांगू."

२ मार्च, सकाळ
बांधावर बसून लिहितोय. ओहोटी लागायला तासभर आहे. हरेश शांतपणे वडापाव खातोय. मला भीती वाटते, साधी सरळ भीती. त्याने एकदाच विचारलं, बंद होईल ना? मी होईल म्हणालो.
दोरी त्याचे बाबाच धरतील असं मी धरून चाललो होतो. आत्ता ते आले नि दुसरं टोक माझ्या मांडीवर ठेवून गेले.