दुधनीत विचारलेला शब्द

प्रिय सुकन्या,

'प्रिय' लिहिण्याइतकी आपली ओळख नाही. पोह्यांच्या बशीआडून एकमेकांना पाहिलं, तेवढीच. तरी लिहितोय, आणि कागदावर लिहितोय. मोबाइलवर लिहिलं असतं तर पाठवायच्या आधी मीच पुसून टाकलं असतं.

माझं शब्दखेळाचं वेड आमच्या रावजीकाकांनी दुधनीत तुमच्या घरी चवीनं सांगितलं. एक गोष्ट मात्र त्यांनाही ठाऊक नव्हती. आम्ही खेळणारे लांबलचक इंग्रजी शब्द घोकतो, ते फक्त स्पेलिंगपुरते. पटावर शब्द बसला, गुण मिळाले की झालं. अर्थाच्या वाटेला कुणी जात नाही. टॉवेलच्या कारखान्यात कारकुनी करणारा मी, चारचौघांत विद्वान म्हणून मिरवतो तो असल्या पोकळ शब्दांवर.

मुलीची परीक्षा घ्यायची म्हणून काकांनी माझ्याकडे एखादा अवघड शब्द मागितला आणि मी ऐटीत दिला, 'व्हिव्हिपॅरस'. तुम्ही न अडखळता म्हणालात, "अंडी न घालता पिल्लं देणारं जनावर. आमच्या शेळ्या हायत की तशा." आमची माणसं फिदीफिदी हसली. पोरीनं इंग्रजीतसुद्धा शेळ्या घुसवल्या, असं काका म्हणाले आणि खरा अर्थ मला विचारला. मला तो माहीतच नव्हता. तोंडाला आलं ते ठोकून दिलं, 'उत्साहानं सळसळणारा'. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि रिकाम्या बशा उचलून आत गेलात.

घरी येऊन शब्दकोश उघडला, तर तुमचाच अर्थ बरोबर निघाला. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गप बस की. पोरगी इंग्रजीत कच्ची हाय म्हणूनच तिचा बाप कल्लप्पा पदरच्या खर्चानं आपल्या सोलापुरात लगीन करून द्यायला तयार झालाय." म्हणजे माझ्या थापेवर तुमच्या वडिलांकडून मांडवखर्च उकळला जातोय. हे कळूनही मी गप्पच बसलो. त्या थापेपेक्षा या गप्प बसण्याची लाज मला जास्त वाटते.

रविवारी सुपारी फोडायला तुम्ही सगळे आमच्याकडे याल. तेव्हा त्याच माणसांसमोर मी सांगणार आहे, की अर्थ सुकन्याचाच बरोबर होता आणि मी खोटं बोललो. लग्न सोलापुरात हवं असेल तर खर्च आमचा. हे ऐकून तुम्ही नकार दिलात तरी माझी तक्रार नसेल. फक्त हे पत्र वडिलांना आधी वाचून दाखवा. त्या दिवशी त्यांनी आमच्या घरात मान खाली घालून बसू नये. ती पाळी माझी आहे.

'तुमचाच' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच,
अजिंक्य