तुझ्या व्याजाची गव्हाणची फेरी

प्रिय सुलभा,

आयुष्यभर वर्तमानपत्राला वेळेवर मजकूर दिला. तुला पत्र लिहायला मात्र वर्ष लावलं! आज पनवेलच्या बँकेत तुझ्या करमुक्त खात्यातले पैसे माझ्याकडे आले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, आता कशात ठेवायचे? करमुक्त की साध्या ठेवीत?" मला मान वर करवेना.

तू शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा पैसे ज्येष्ठांच्या साध्या ठेवीत होते. पेन्शन घरखर्चात जायची, तिमाहीचं व्याज तेवढं तुझं. ते आलं की तू मिठाईचा पुडा घेऊन रिक्षानं गव्हाणला, माहेरी! येताना पिशवीत कोलंबी आणि तोंडभर गप्पा.

मला व्याजावरचा कर खुपत होता. केवढासा होता गं तो? वर्षाला तुझ्या एखाद्या फेरीइतका! तरी ठेवीची मुदत संपताच मी पैसे करमुक्त खात्यात वळवले. तिथलं व्याज तिथंच साठायचं, हातात यायचं नाही. तुला विचारलंही नाही. फक्त सही कुठे करायची ते दाखवलं.

पुढे एकदा तू म्हणालीस, "अहो, गव्हाणला जायचंय, थोडे पैसे द्या ना."

"खात्यात वाढताहेत की तुझे!"

"वाढू देत. रिक्षावाल्याला पासबुक दाखवते."

मी हसलो. ती थट्टा चारचौघांत सांगितलीसुद्धा! त्यानंतर तू मागितले नाहीस. आणि गेलीही नाहीस. भांडली का नाहीस गं माझ्याशी?

तुझ्या दहाव्याला नामदेव शेजारी बसला. तुझा धाकटा भाऊ, एरवी किती बोलका! खाली बघत म्हणाला, "दाजी, ताय फोनवर बोलायची, हातात काय नाय, कशी येऊ? मी बोललो, अगं मोकली ये. आमी काय तुजं हात बगतो?"

आज काउंटरवर तेच आठवलं.

त्या मुलीला म्हटलं, "साध्या ठेवीत. व्याज दर तिमाहीला हातात."

"काका, टॅक्स लागेल हां."

"लागू दे."

यापुढे तुझं व्याज दर तिमाहीला गव्हाणला जाईल, मिठाईच्या पुड्यासकट. पण पहिल्या व्याजाची वाट बघणार नाही. येत्या रविवारी नामदेवच्या दारात जाईन. काहीही न घेता. तुला जे जड गेलं, ते मलाही जाऊ दे.

तुझा,
विनायक