तुझ्या नावाचा पॅनकेक

टर्नर फोर्क, नेब्रास्का
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय वेंडेल,

थंडीने तुझा गुडघा धरला असेलच, म्हणून कसा आहेस ते विचारत नाही. माझं बरं चाललंय. रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे, मक्याची कापणी उरकली, कुत्रं म्हातारं झालंय पण जेवतंय. तुम्ही दिलेली बिटाच्या लोणच्याची बरणी परवा संपली. ग्लेंडाला सांग, तुझ्या भावाला लोणचं आवडलं, फक्त साखर थोडी कमी घाल म्हणावं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. काहीतरी चेष्टा करतोस, मी हसतो आणि सांगायचं ते राहून जातं. असं सेहेचाळीस वर्षं राहून गेलंय. टपालाचा भरवसा नाही, म्हणून उद्या सकाळी मीच येऊन हे तुझ्या पेटीत टाकणार आहे. गाडीचा आवाज आला तरी बाहेर येऊ नकोस.

काल ग्लेंडा इथून घरी आली ती गप्पच असेल. तू विचारल्यावर डोकं दुखतंय म्हणाली असेल. तिचं डोकं दुखत नाहीये. तुला सांगायची पाळी तिच्यावर येऊ नये म्हणून मी लिहायला बसलोय.

तुला काल मीच येऊ दिलं नाही. रस्त्यावर बर्फ आहे आणि हॉलच्या पायऱ्या तुला झेपणार नाहीत, असं मी म्हणालो होतो. रस्ता कोरडा ठणठणीत होता, आणि पायऱ्यांना कठडा बसवून दोन वर्षं झाली.

आमच्या शाळेच्या फुटबॉलला शंभर वर्षं झाली म्हणून माजी खेळाडूंच्या क्लबने शाळेच्या इतिहासातला सगळ्यात महान ब्लॉक निवडायचा घाट घातला होता, हे तुला माहीत आहे. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव पाण्याच्या टाकीवर रंगवतात. त्याच्या वाटेत येणाऱ्यांना ब्लॉक करून, अंगाने रेटून बाजूला सारणाऱ्या आपल्यासारख्या जाड्यांना कोण विचारतो? म्हटलं, शंभर वर्षांनी का होईना, कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

चर्चच्या तळघरातला हॉल भरला होता. जुन्या फिल्म दाखवायला पडदा लावलेला, आणि टेबलांवर पॅनकेकच्या चळती. आमच्याकडची ती जुनी रीत तुला ठाऊक आहे. शुक्रवारच्या सामन्यात समोरच्याला ब्लॉक करून पाठीवर पाडलं, की शनिवारी सकाळी पाडणाऱ्याच्या ताटात एक पॅनकेक, आणि तो पडलेल्याच्या नावाने खायचा. मुलांच्या आया पहाटे उठून पीठ कालवायच्या. लहानपणी मला ही रीत गमतीची वाटायची.

तर तीन ब्लॉक होते. पहिला एकसष्ट सालचा, ऑटोचा. एका खांद्याने दोघे आडवे. क्लबचा अध्यक्ष हार्मन म्हणाला, "त्या काळची पोरं म्हणजे काटक्या. दोघं मिळून आजचा एक होतो." ऑटोचं वय ऐंशीच्या घरात, पण जीभ शाबूत आहे. म्हणाला, "आमच्या हेल्मेटला तोंडापुढे एकच दांडी असायची, म्हणून दात गेले. तुझे सगळे आहेत, कारण तू चार वर्षं बाकावर बसून होतास." सगळा हॉल हसला. इथवर मीही हसत होतो.

दुसरा नव्याण्णव सालचा, ट्रॅव्हिसचा. वेंडेल, तो तू बघायला हवा होतास. समोरून, छातीला छाती लावून, पाय बारीक बारीक टाकत त्याने त्या पोराला वीस यार्ड मागे रेटत थेट कुंपणाला नेऊन टेकवलं. मग हात देऊन उठवलं आणि पाठीवरचं गवत झाडलं. माझ्या मते प्रश्न तिथेच मिटला होता. पण मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "हात कशाला दिला? मजा घालवली." आणि माना डोलल्या. तिथे मी माझं ताट बाजूला सारलं.

तिसरा माझा. अठ्ठ्याहत्तर सालचा, तुमच्या शाळेविरुद्धचा.

त्याची जुनी फिल्म तू माझ्याकडे बघितली आहेस. प्रेक्षकांच्या बाजूने घेतलेली, सगळा पाऊस आणि चिखल. मी येतो, चिखल उडतो, तू पडतोस, आमचा पोरगा चेंडू घेऊन शेवटपर्यंत पळत जातो. कोणाचं काय कुठे लागलं ते त्यात दिसत नाही. पण आमचे प्रशिक्षक ब्रुगमन सर वारले तेव्हा त्यांच्या मुलीला तळघरात आणखी एक रीळ सापडलं. गोलपोस्टच्या मागून घेतलेलं. सर आम्हाला सांगायचे, चेंडूकडे बघू नका, भिडणाऱ्यांच्या ओळीकडे बघा. त्यांनी ते त्या वर्षी बघितलं असणारच. बघून डब्यात ठेवलं, त्या ब्लॉकचे मला पूर्ण गुण दिले, आणि मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. हार्मनने ते रीळ साफ करून आणलंय, हे मला गेल्या सोमवारी कळलं. म्हणून तुला येऊ दिलं नाही. तू त्याच कामातला माणूस. तू चेंडूकडे बघितलंच नसतंस.

त्यात तुझी पाठ दिसते. चौसष्ट नंबर, अगदी स्वच्छ. तू आमच्या पळणाऱ्याच्या मागे लागलायस आणि मी तुझ्या मागे आहे. मागून कमरेखाली मारायचं नाही, हा नियम तेव्हाही होता, आणि आठवीतल्या पोरालाही पाठ होता. तीन ढांगा मिळाल्या मला. थांबायला एक पुरली असती. मी मान खाली घालतो आणि तुझ्या गुडघ्याच्या मागे शिरतो.

का, ते सांगतो. त्या सामन्यात तू मला चार वेळा पाठीवर पाडलं होतंस, सगळं नियमात, समोरून. प्रत्येक वेळी माझा बाप प्रेक्षकांतून एकेक बोट वर करून मला दाखवत होता. एवढंच कारण आहे. याहून मोठं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तू इस्पितळात होतास आणि माझ्या ताटात तुझ्या नावाचा पॅनकेक होता. मी तो खाल्ला. पाक घालून, चाटूनपुसून खाल्ला.

आईने ग्लेंडाला केक देऊन तुला भेटायला पाठवलं, तेही एका खोट्याच्या जोरावर. 'आमचा लाईल चिखलात घसरला हो,' हे तिने तुझ्या आईला सांगितलं, कारण मी तिला तसं सांगितलं होतं. तुला वडिलांसारखं विजेच्या खांबांवर चढायचं होतं. त्याऐवजी चाळीस वर्षं तू वीज कंपनीत बिलांच्या खिडकीमागे बसलास, आणि दर थँक्सगिव्हिंगला तोच विनोद केलास, लाईल घसरला म्हणून मला बायको मिळाली. मी दर वेळी हसलो आणि रश्शाचं भांडं पुढे सरकवलं. स्वतःची किळस येते ती त्या हसण्याची, फिल्मची नंतर.

काल फिल्म संपल्यावर मी उठून उभा राहिलो. म्हटलं, नीट बघा, हा मागून मारलाय. हा ब्लॉकच नाही, हा गुन्हा आहे, आणि मी तो मुद्दाम केला. मला वाटलं, आता हॉल गप्प होईल. हार्मन म्हणाला, "मागून काय नि पुढून काय, माणूस आडवा झाला ना? तीन पंच मैदानात आणि एकाची शिट्टी नाही, यालाच तर महान म्हणतात." हसू फुटलं. मग टाळ्या. माझ्या प्रामाणिकपणाला टाळ्या, वेंडेल. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. हात वर करून मतं घेतली. ऑटोनेसुद्धा मलाच दिलं. ट्रॅव्हिसला स्वतःच्या बायकोचं आणि माझं, अशी दोन.

ग्लेंडा उठली. ताटातले पॅनकेक न खाताच तिने कचऱ्याच्या डब्यात टाकले, कोट घातला आणि गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

आता घाईचं. बुधवारी दहा वाजता हार्मन आणि त्याची माणसं त्या ब्लॉकच्या मानाची पितळी पाटी घेऊन तुझ्या घरी येणार आहेत. सोबत साप्ताहिकाचा फोटोवाला. एका बाजूला काठी घेऊन तू, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये पाटी. मला पाटी नको, असं मी सांगून बघितलं. हार्मन म्हणतो, ब्लॉक शाळेचा आहे, तुझा एकट्याचा नाही, आणि वेंडेल खिलाडू आहे, हसेल. तू हसलाही असतास. पत्र न लिहिता मी तुला तसं हसू दिलं असतं तर माझ्याइतका हलकट दुसरा नसता.

मी त्यांच्याबरोबर नसेन. दार उघडायचं की नाही, ते तुझं तू बघ. पुढच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगला माझं ताट मांडायचं की नाही, तेही तूच ठरव. ग्लेंडाला ठरवायला लावू नकोस, ती माझी बहीण आहे, तिची ओढाताण होईल. तुझा फोन आला नाही तर मी समजून घेईन, घरीच राहीन. आलो तर तो विनोद मात्र करू नकोस, मला आता हसता येणार नाही.

तुझा मेहुणा,
लाईल

मी घसरलो नव्हतो.