तीस लिटरचं पातेलं

वेस्ट मांबलम, चेन्नई
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही सगळे बरे आहोत. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे शेजारच्यांकडून वाचून घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही. हे तुम्ही एकट्यानंच वाचावं अशी इच्छा आहे. फोनवर मला जमत नाही. तुमचा आवाज आला की मी हूं हूं करत राहते आणि मग फोन ठेवून देते.

इकडे ऊन तापायला लागलंय. माझ्या शाळेत परीक्षांची धांदल आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी सकाळी तुळशीला पाणी घालायला त्याच जातात. तुम्ही जे विचारलंय ते वाचलं. त्याच्याकडे येते. आधी घरात काय चाललंय ते सांगते.

तुमच्या जावयाला, श्रीहरीला, घरी बिअर करायचं खूळ लागलंय. पिण्याचं नाही, करण्याचं. तुम्हाला हा फरक कळेल की नाही, मला शंका आहे. तो वर्षाकाठी कधीतरी, कुणाच्या पार्टीत अर्धा ग्लास घेतो आणि उरलेला तसाच ठेवतो. पण आंबवण्याचं त्याला लहानपणापासून वेड. इडलीचं पीठ फुगलं की झाकण उघडून बघत बसतो. कारखान्यातल्या प्रयोगशाळेत दिवस काढून पुन्हा घरी तेच. मी म्हटलं, घरी करायला इथे परवानगी नाही. तर म्हणाला, "कोण बघायला येतंय?"

हे वाक्य मी आपल्या घरात तुमच्या तोंडून ऐकलं होतं, बाबा.

गेल्या महिन्यात तो मला पातेलं घ्यायला रंगनाथन स्ट्रीटवर घेऊन गेला. वीस लिटर बिअरला तीस लिटरचं पातेलं लागतं, कारण उकळताना फेस वर चढतो. ॲल्युमिनियम नको, स्टीलचं हवं. बूड जाड हवं, नाहीतर करपतं. उंच फार नको, गॅसवर डुगडुगतं. हे सगळं त्यानं मला वाटेत चालताना समजावलं, एखाद्यानं मुलीसाठी स्थळ बघावं तशा हौसेनं. दुकानात एकेक पातेलं उताणं करून, मोबाइलचा उजेड टाकून तो आतले सांधे बघत होता. दुकानदार कृष्णस्वामी म्हातारे, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "किती माणसांचं जेवण आहे?"

श्रीहरी बिनदिक्कत म्हणाला, "घरी देवाचं कार्य आहे. सांबार करायचंय."

म्हातारे खूश झाले. आतून एक जाड बुडाचं काढून आणलं, पदराला पुसावं तसं धोतराच्या सोग्याला पुसलं आणि म्हणाले, "रिकामं भांडं देऊ नये." असं म्हणून त्यात चिमूटभर साखर टाकली. मला श्रीहरीची किळस आली. पहिल्यांदा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोपर्यंत कधी आली नव्हती.

त्याला काहीच कळलं नाही. म्हणाला, "ऊर्मी, तुझं नाक चांगलं आहे. आत तोंड घालून बघ, यंत्राच्या तेलाचा वास येतोय का?"

मी पातेल्यात तोंड घातलं. तेलाचा वास नव्हता, कसलाच नव्हता. तरी मला वास आला. मी पायऱ्या उतरून दुकानामागच्या गटाराशी गेले आणि सकाळचं सगळं बाहेर काढलं.

कुठला वास, ते तुम्हाला ठाऊक आहे.

स्टेशनच्या पुलाखाली उभं राहून मी श्रीहरीला सगळं सांगितलं. तुम्ही पीत होतात एवढं त्याला लग्नाआधीच माहीत होतं. पातेल्याचं माहीत नव्हतं. आपल्याकडे मोठं पातेलं एकच होतं, आणि आई रात्री ते तुमच्या खाटेशी ठेवायची. तुमची ओकारी दुसऱ्या कशात मावायची नाही म्हणून. सकाळी राख आणि चिंच घेऊन ती मोरीत बसायची. मग त्याच पातेल्यात आमचं अंघोळीचं पाणी तापायचं, आणि सणावाराला त्यातच रांधायची.

मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा तिनं त्यात गल्लीसाठी खीर केली. तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा लेंगा घालून डावानं वाढत होतात. माझ्या वाटीत दोनदा वाढलंत. "खा पोरी, पोटभर खा." आदल्या रात्री त्याच पातेल्यावर तुमचं डोकं धरून मी उभी होते, बाबा. लोक बघत होते म्हणून मी वाटी चाटून संपवली. मागे जाऊन ओकले, तेव्हा तुम्ही पाहुण्यांना हसत म्हणालात, "आनंद सोसवला नाही पोरीला." अजून मी खीर खात नाही. सासूबाईंना सांगितलंय की दूध मानवत नाही.

श्रीहरी ऐकत राहिला. मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाही करत मी. तुझी शपथ."

मी म्हटलं, "हात काढ."

"अगं, मी खरंच..."

"आधी हात काढ. करायचं तर कर, नाहीतर सोड. पण माझं डोकं मध्ये आणू नकोस."

या डोक्यावर तुम्ही किती पाडव्यांना हात ठेवलात, आठवतंय का?

त्यानं सोडलं नाही. चार-आठ दिवस पातेलं कोपऱ्यात राहिलं, मग एका रविवारी त्यानं बिअर शिजवायला घेतली. सासूबाईंना सांगितलं, बार्लीचं पाणी आहे, मूत्रपिंडाला चांगलं. त्यांनी डोकावून पाहिलं. "इतकं पाणी कोण पिणार रे?" दुसरं खोटं. फेस उतू गेला, शेगडी चिकट तपकिरी झाली, बूड जाड असूनही करपलं. पुढे प्लास्टिकच्या पिंपात ठेवलेलं ते सगळं या उकाड्यात नासलं. वर पांढरी साय धरली आणि घरभर कुजक्या फळांचा वास सुटला. सासूबाईंनी देवघराचं दार लावून घेतलं. मग श्रीहरी स्वतःच त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि काय केलं ते खरं सांगितलं. त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

ते पिंप त्यानंच रिकामं केलं. करपलेलं पातेलं अंगणातल्या नळाखाली घेऊन तोच बसला. हात कोपरापर्यंत आत, तोंडाला रुमाल, मधूनमधून उमासे येत होते. मी दारात उभी राहून बघत होते. मदत केली नाही. मला दया आली नाही, आणि किळस मात्र होती तशीच राहिली. पण त्याच्याकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली. इतक्या वर्षांत तुम्हाला ते पातेलं घासताना मी एकदाही पाहिलं नाही. आई तापानं फणफणलेली असतानाही नाही. तेव्हा मी घासलं होतं. मी सातवीत होते.

आता तुमच्या डोळ्यांचं. साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवली. पडद्याचं ऑपरेशन लवकर करायला हवं, उशीर केला तर दृष्टी जाईल म्हणाले. तारीख घेऊन ठेवली आहे. तुम्ही लिहिलंय की आता सोडली, पाच वर्षं थेंब घेतला नाही. असेल. आईला ते बघायला मिळालं नाही, आणि माझ्याकडे ते तपासायला ना वेळ आहे ना मन.

लिहिलंयत, "लेकीच्या घरी चार दिवस विसावा मिळेल." श्रीहरी म्हणाला, येऊ देत, मी बघतो. सासूबाई म्हणाल्या, बाप तो बाप. मी दोघांनाही नाही म्हटलं. आमच्या घरी तुमची सोय होणार नाही, बाबा. जागा आहे. मला नको आहे.

एग्मोरला स्टेशनजवळ एक स्वच्छ लॉज आहे, तिथे खोली ठरवली आहे. दोन्ही वेळचा डबा मी घेऊन येईन. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर मीच बसेन, सही मीच करेन. डोळ्यांत थेंब घालायला सकाळ-संध्याकाळ येईन आणि पट्टी सुटेपर्यंत तुमचा हात धरून तुम्हाला नेईन-आणेन. हे सगळं मी नीट करेन, कंटाळा करणार नाही. पण तुम्ही मला माया लावायला जाऊ नका, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवू नका.

गाडीचं तिकीट सोबत पाठवते आहे. फलाटावर उतरलात की जागेवरच उभे राहा. मी शोधून काढेन.

तुमचीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
ऊर्मी