कुरणावरचं खत आणि कुंपणाखालचं बाळ

मंगळवार, ३ जून
माझं कोणी ऐकायचंच नाही असं ठरलंय या घरात! एवढ्या उन्हात फिंतानने वरच्या कुरणावर युरिया फेकला. सगळा. जमीन कौलासारखी तापलेली. मी म्हटलं, पावसाच्या तोंडावर टाक, नाहीतर खत हवेत उडून जाईल. तर म्हणतो, "आई, फोनवर दाखवतायत, गुरुवारी पाऊस." पन्नाशीचा झाला, फोनला विचारून शेती करतो.

बुधवार
ऊन.

गुरुवार, ५ जून
फोनवाला पाऊस आला नाही. पांढरे दाणे गवतात तसेच पडलेत. पहाटे दवाने भिजतात, दुपारी वास सुटतो. तो वास म्हणजे आमचं गवत चाललंय.
खालचं कुरण गाईंनी मुळापर्यंत खाल्लं. हिवाळ्यासाठी ठेवलेला मुरघास जूनमध्ये काढलाय. आता गवत आलं नाही तर गाई एनिसच्या गुरांच्या बाजारात. पहिली जाईल ती म्हातारी शिंगमोडी. तिच्यानंतर बहुतेक मी.
आणि शनिवारी नातीचं, सोर्चाचं लग्न! सूनबाईंनी मांडणीवरचं प्रागचं बाळ, म्हणजे बाळ येशूची मूर्ती, उचललं आणि बाहेर कुंपणाखाली नेऊन ठेवलं. ते आदल्या दिवसांत बाहेर ठेवलं की लग्नाला ऊन पडतं म्हणतात. माझ्या लग्नातही ठेवलं होतं. ऊन पडलं. नवऱ्याचं काही करता आलं नाही त्याला.
बाळाची मान एकदा मोडली होती, डिंकाने चिकटवलीय. मोडक्या मानेचं जास्त पावतं म्हणतात.

शुक्रवार, ६ जून
अंगणात मांडव उभा. सूनबाई ग्रॉनिया मला म्हणाली, "आई, बाळाला हात लावायचा नाही हं. मी ओळखते तुम्हाला."
फिंतान म्हणाला, "हो आई, एकुलती एक पोर आहे माझी. ऊनच हवं." आणि बघत होता कुरणाकडे.
मी होकार दिला. जेवण झाल्यावर बाळ आत आणायला गेले. नातीला नवरा मिळालाय, गाईंना काय मिळालंय?
कुंपणाखाली बाळ नव्हतं! नुसती गवतात गोल खूण. सुनेनेच दुसरीकडे लपवलं असणार, माझ्या भीतीने. परत आले, चहा घेतला.

शनिवार, ७ जून
धो धो. पहाटेपासून.
मांडव गाभण गाईसारखा लोंबत होता. सोर्चा पांढऱ्या झग्याखाली गमबूट घालून चर्चमध्ये शिरली. हसत होती. माझ्यावर गेलीय. फादर म्हणाले, पाऊस हा आशीर्वाद. ग्रॉनिया त्यांच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.
"आई, तुम्हीच ना?"
"नाही."
"शपथ घ्या."
घेतली. चर्चच्या दारात. एकदा खरं बोलले तर एका माणसाचा विश्वास बसेना!
फिंतान नव्या सुटात बाहेर भिजत उभा होता. सोर्चा ओरडली, "बाबा, आत या ना, फोटो!" याचं तोंड कुरणाकडे.

रविवार, ८ जून
कोंबड्यांचे दाणे आणायला शेडमध्ये गेले. युरियाच्या रिकाम्या पोत्यात बाळ! मान पुन्हा मोडू नये म्हणून फिंतानची लोकरी टोपी गुंडाळलेली.
टोपीसकट मांडणीवर ठेवलंय. ग्रॉनिया जिन्यावरून उतरतेय. मी चहा पितेय. उत्तर फिंतानने द्यायचं.