उतरवायची राहिलेली पट्टी

प्रिय बसवंत,

शरणू शरणार्थी. मी इथं नांदेडात बरा आहे. कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान चालू आहे, माझी दामिनी यंदा बारावीला गेली. परवा तिनं मोबाईल तोंडापुढं धरला, पडद्यावरच्या कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तिचं साधं बोलणं सुरात बाहेर पडलं. म्हणाली, "बाबा, याला व्होकोडर म्हणतात." मग तिनंच त्याची माहिती वाचून दाखवली. पहिलं यंत्र कपाटाएवढं होतं, टेलिफोनच्या एका तारेतून जास्त बोलणी जावीत म्हणून केलेलं. युद्धात त्यावरून गुप्त निरोप गेले. गाणाऱ्यांच्या हाती ते फार उशिरा आलं. आपल्या ऑर्केस्ट्रात आलं तेव्हा पेटीएवढं झालं होतं. हैदराबादहून जुनं आणलं, एसटीत तू मांडीवर घेऊन बसलास आणि कंडक्टरनं त्याचंही अर्धं तिकीट फाडलं, आठवतं?

देगलूरच्या जत्रेत तू पहिल्यांदाच त्या यंत्रातून शिवस्तुती म्हटलीस. पहिल्या ओळीलाच मंडपातून कुणीतरी ओरडलं, "गवई, गळा घरी ठिवून आलास काय?" लोक लई हसले. तू स्टेजवरून उतरलास तो कायमचाच. जळकोटच्या मठात सोमवारच्या भजनालाही पंचवीस वर्षं नुसता टाळ धरतोस. आपला सूर गेला, असं मानून बसलास.

बसवंत, त्या यंत्रात शब्द गाणाऱ्याचे असतात, सूर मात्र कीबोर्डवाल्याचा. तू कसाही गा, बाहेर माझाच सूर येणार. आधीच्या गाण्यासाठी चढवलेली पट्टी उतरवायला मी विसरलो होतो, म्हणून बाकीच्या वाद्यांशी सूर जुळेना. दुसऱ्या ओळीला माझ्या ध्यानात आलं. एक बटण दाबलं असतं तर झालं असतं. पण मग चूक कुणाची, ते साऱ्यांना कळलं असतं. मी तसाच वाजवत राहिलो. रोज सकाळी पूजेला इष्टलिंग हातावर घेतो, तेव्हा आधी ही बोटंच दिसतात.

येत्या सोमवारी मी जळकोटला येतोय. भजनाआधी मठात सगळ्यांपुढं हे सांगणार आहे. तुला ते चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. रागावलास तर रागाव. दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसून राहीन, पण सांगितल्याशिवाय परतणार नाही. यंत्र आणत नाही, साधी पेटी आणतोय. या खेपेला सूर तू लाव. तो शोधत मी मागून येईन.

तुझाच,
अमरेश